मी तलावाचं सोंग घेतलं तेव्हा

दोन वर्षं माझे बाबा पाळीवर बसले नाहीत. यात सांगण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पाळ म्हणजे तलावाचा बांध. आमच्या गावात ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, मोजकीच घरं. सकाळी जाळी काढून झाली की सगळे पुरुष पाळीवरच्या जांभळाखाली बसतात, मासळीचे वाटे पाडतात आणि मग तासभर सरकारचा, पावसाचा आणि एकमेकांच्या जावयांचा उद्धार करतात. तिथे जो बसत नाही तो एक तर आजारी असतो, नाही तर गावाशी भांडलेला. बाबा धडधाकट होते आणि त्यांचं भांडणही कोणाशी नव्हतं. ते आपणहून उठून गेले होते.

कारण होती एक मशीन. आमच्या तलावात बेशरम माजली होती. बेशरम हे एका झुडपाचं नाव आहे आणि ज्याने ते ठेवलं त्याला माणसांचाही बराच अनुभव असावा. तोडलं तरी वाढतं, उपटलं तरी वाढतं, जाळी फाडतं, डोंगा, म्हणजे आमची होडी, अडवतं. बाबांनी मनावर घेतलं. साकोलीच्या ऑफिसात खेटे घातले, अर्ज दिले, साहेब जेवायला गेले की बाहेर बाकावर बसून राहिले. शेवटी एका उन्हाळ्यात पाणी आटल्यावर खोदाईची मशीन गावात आली. शेजारच्या म्हातारीने, जिला सगळा मोहल्ला मोठी माय म्हणतो, मशीनपुढे नारळ फोडला. मासेमार सोसायटीच्या अध्यक्षांनी बाबांच्या गळ्यात हार घातला. ड्रायव्हरने विचारलं, किती काढायचं? बाबा म्हणाले, "साफ म्हणजे साफ. सारंच काढा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मशीनने सारंच काढलं. बेशरम गेली, तिच्यासोबत पाण्याखालचं गवत गेलं, कमळाचे कंद गेले, काठाचं देवधान गेलं. मासळी अंडी घालते ती त्या गवतात. पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगणाऱ्या आम्हा लोकांनी मासळीची बाळंतिणीची खोली उचलून बाहेर फेकली, आणि वर नारळ फोडला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसाळ्यात तलाव भरला, लखलखीत दिसला, पोरांनी पाळीवर उभं राहून फोटो काढले. लक्षात आलं ते बायांच्या. देवधान हे काठाच्या चिखलात आपोआप उगवणारं धान. त्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही, म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला त्याचाच भात चालतो. दिवाळीनंतर ते पिकलं की बाया टोपल्या घेऊन लोंब्या झाडायला जातात आणि पुढच्या पंचमीसाठी दाणे मडक्यात जपून ठेवतात. त्या वर्षी बाया गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. आईने टोपली अंगणात उलटी ठेवली आणि म्हणाली, "आता पंचमीले भात कायचा करू?" बाबा ओसरीवर जाळं शिवत होते. 

मग मरळ दिसेनाशी झाली, बारीक मासळी गेली, झिंगे गेले. विकत आणून सोडलेलं मासळीचं बीज तेवढं वाढत होतं. एक दिवस पाळीवर वाटे पाडताना अध्यक्ष म्हणाले, "बेशरम काढता काढता तू तं तलावच धुऊन काढला न बापा!" सगळे हसले. बाबा उठले, जाळं खांद्यावर टाकलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून ते शेताच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जायला लागले आणि त्याच वाटेने उशिरा परत यायला लागले. ते लाजेने तोंड लपवतात असं मला वाटायचं. आईलाही तसंच वाटायचं, पण ती बोलायची नाही. मी बोलायचे, आणि नको तेव्हा.

तेव्हा मी साकोलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात शुक्रवारी शेवटच्या तासानंतर सायकल स्टँडच्या ओट्यावर बैठक भरायची. प्राणिशास्त्राच्या सरांनी ती सुरू केली होती. तिला ना बॅनर, ना हारतुरे, ना आभारप्रदर्शन. कोणीही यावं आणि बोलावं. सरांची एक खोड होती. कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं सोडून ते म्हणायचे, "घरी विचारून या." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना येत नसेल. पुढे कळलं, बऱ्याचदा खरंच येत नसायचं आणि ते तसं सांगायचेही. मग आम्ही घरी विचारायचो, पुढच्या शुक्रवारी सांगायचो, आणि एका गावचं उत्तर दुसऱ्या गावच्या उत्तराशी जुळायचं नाही. भांडण लागायचं. बस चुकायची. माझ्या शिक्षणातला निम्मा भाग त्या ओट्यावर झाला असं मी म्हणते, आणि उरलेल्या निम्म्यातलं मला फारसं आठवत नाही.

एका शुक्रवारी विषय निघाला, आपापल्या तलावातून कोणती मासळी गेली? सर म्हणाले, विचारून या. मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कोण इचारून राहिलं?" मी सांगितलं, कॉलेजात. ते म्हणाले, "मायले इचार," आणि बाहेर गेले. आईने चुलीपुढे बसून एकेक नाव सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी माझी पाळी यायच्या आधी अड्याळकडचा एक मुलगा उभा राहिला. हा आमच्यातला लिहिणारा. त्याचे आजोबा जयंतीला गाणी म्हणायचे, तो स्वतः दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचायचा, आणि कुठलीही गोष्ट सांगताना हातपाय हलवल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो म्हणाला, "आमचा मामा सांगत होता, इकडं एक गाव हाय. तिथल्या एका शहाण्यानं मशीन आणली अन् तलाव घासून-पुसून असा चकाचक केला, की मासळीले घसरून पडायची पाळी आली!" त्याने घसरणारी मासळी करून दाखवली. सगळा ओटा हसला.

मीही हसले. कळायच्या आतच हसले. तो शहाणा कोण हे हसू निम्म्यावर असताना माझ्या ध्यानात आलं आणि तरी मी ते पूर्ण केलं, कारण मध्येच थांबले असते तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं. वही मी पिशवीतून काढलीच नाही. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

गोष्ट तिथेच संपली असती, पण लिहिणाऱ्याला दंडार सुचली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी मंडपात दंडार होते. गाणी, नाच, आणि मध्ये सोंगं. ठरलं असं, की कॉलेजच्या पोरांनी तलावाची दंडार बसवायची. शहाणा होणार हातात खराटा घेतलेला एक लबाड माणूस, जो गावाला फसवून मशीन आणतो. मशीन होणार दोन पोरं, पाठीला पाठ लावून, हातात सुपं. आणि तलाव मी. हिरवं लुगडं नेसून अंगाला गवत बांधायचं आणि मशीनने ते ओरबाडायचं. पहिलं आमंत्रण आलं ते आमच्याच गावच्या मंडईचं. मी तिथली आहे म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मला सोडून.

तालमीत मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. खराटा नको म्हटलं, सुपं नको म्हटलं, त्या लबाडाचं गाणं लांबलं आहे म्हटलं. लिहिणारा वैतागून म्हणाला, "मंग तूच लिही." शेवटी मी सरांना गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबांना विचारून ये."

मला सरांचा असा राग आला की काय सांगू. आठवडाभर मी घरी काही बोलले नाही. मग एका संध्याकाळी, बाबा ओसरीवर जाळं शिवत असताना, एका दमात सगळं सांगून टाकलं. ते जाळ्याच्या गाठी मारत राहिले.

"तो माणूस लबाड हाय का तुमच्या दंडारीत?"

"हो."

"मी लबाड नव्हतो," बाबा म्हणाले. "चुकलो. पन लबाड नव्हतो. दंडार करा तुमी. पन करायची तं खरी करा."

पुढच्या शुक्रवारी मी ओट्यावर उभी राहिले आणि म्हणाले, तो शहाणा माझा बाप आहे. आणि बाबा बोलले ते तसंच सांगितलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं आता सगळे माफी मागतील आणि दंडार बंद होईल. तसं काही झालं नाही. लिहिणारा म्हणाला, "तुह्या बाबाचं वाईट वाटलं मले. पन लबाड कोणीच नाही तं मंग दंडार कायची? लोक हासतील कोणाले?" यावर दीड तास वाद झाला. एक मुलगी म्हणाली, सगळा दोष सरकारवर टाका. दुसरा म्हणाला, मशीनवर टाका. सर मध्ये पडले नाहीत. मग लिहिणाऱ्यानेच मला विचारलं, "नारळ फोडला तवा तिथं कोण कोण होतं?" मी म्हटलं, सगळं गाव. "टाळ्या कोणं वाजवल्या?" मी म्हटलं, सगळ्यांनी. मीसुद्धा. तो उठला, पिशवी उचलली आणि बस पकडायला पळाला. सोमवारी नवीन दंडार लिहून आणली.

मंडईच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. मंडप भरला होता, बाहेर बांगड्यांची आणि फुटाण्यांची दुकानं होती, घरोघरचे पाहुणे नवे कपडे घालून बसले होते. पुढच्या रांगेत अध्यक्ष, बायांच्या बाजूला मोठी माय आणि आई. बाबा येणार नाहीत अशी माझी खात्री होती. मी लुगडं नेसून मंडपात शिरले तर ते मागे, बांगड्यांच्या दुकानाच्या बांबूला टेकून उभे होते.

दंडार सुरू झाली. खराट्यावाला आता भाबडा होता. त्याला तलावाची काळजी होती, तो ऑफिसात जायचा, साहेब जेवायला गेलेला असायचा. लोक पोट धरून हसले, पण साहेबाला. मशीन आली. खराट्यावाला मंडपाच्या कडेला आला आणि समोरच्या लोकांनाच विचारलं, "बोला गाववाले, साफ करू का?"

"करा!" सगळा मंडप ओरडला.

"सारंच काढू?"

"काढा! होऊन जाऊ द्या!"

अध्यक्ष ओरडले, मोठी माय ओरडली, पाहुणेसुद्धा ओरडले. टाळ्या पडल्या, अगदी त्या दिवशीसारख्या. मग दोन्ही सुपं माझ्यावर आली. बेशरम निघाली, गवत निघालं, कमळं निघाली. पोरांनी देवधान म्हणून बांधलेले पेंढ्याचे जुडगेही निघाले. मी साध्या हिरव्या लुगड्यात उघडी-बोडकी उभी राहिले. लिहिणाऱ्याने ठरल्याप्रमाणे ढोलकी थांबवली. ठरलेलं पुढचं गाणं कोणी सुरू करायच्या आत मोठी माय आपल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "बाई वं, आमीच तं म्हटलं होतं."

मंडपात चुळबुळ झाली. मागून बाबांचा आवाज आला. "थांबा थोडं."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा बांबू सोडून निघाले आणि चालायला लागले. मंडपाकडे नव्हे, तलावाकडे. मला वाटलं, झालं. दोन वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला आम्ही पाहुण्यांसमोर उभं केलं आणि तो निघून गेला. मला तिथेच रडू फुटलं. लोकांना तो अभिनय वाटला आणि कोणीतरी वाहवा केली. लिहिणाऱ्याने मात्र प्रसंग ओळखला. त्याने ढोलकी उचलली आणि गाणं सुरू केलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा तेच गाणं त्याने चार तऱ्हांनी म्हटलं, त्यात साहेब जेवून पुन्हा जेवायला गेला.

मग बाबा परत आले. मांडीपर्यंत ओले, पायांना चिखल. हातात हिरव्या-तांबूस लोंब्यांचा मोठा जुडगा होता. ते सरळ मंडपाच्या मधोमध माझ्यासमोर येऊन उभे राहिले, जमिनीवरचा पेंढा पायाने बाजूला केला आणि म्हणाले, "हे धानाचं तनस होय. देवधान असं रायते." आणि तो जुडगा माझ्या कमरेला बांधायला लागले.  जाळ्याची गाठ मारतात तशी त्यांनी गाठ मारली.

आई उभी राहिली. "कुठचं होय हे?"

"आपल्याच तलावातलं. पलीकडच्या कोपऱ्यातलं."

"तिथं तं काईच नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "कोणं लावलं?"

  बाबा आईकडे बघून म्हणाले, "तुह्या माहेरच्या बोडीतून थोडं थोडं आणलं. दोन पावसाळे. पयल्या साली सारं वायलं." बोडी म्हणजे लहान तलाव आणि वायलं म्हणजे वाहून गेलं.

म्हणजे तो धुऱ्यावरचा रस्ता, तो एकट्याचा कोपरा, ते उशिरा घरी येणं. आम्ही एकाच छपराखाली राहत होतो, मी कॉलेजात तलावावर बोलायला शिकत होते, आणि मला पत्ता नव्हता. मोठी माय काठी टेकत पुढे आली. तिने माझ्या कमरेची एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "तेच होय," ती म्हणाली.

दंडार तिथेच संपली. शेवटचं गाणं राहूनच गेलं. लिहिणारा आजही म्हणतो की माझ्या बापाने त्याचं सगळ्यात चांगलं गाणं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघाले होते. बाबा सवयीने जाळं घेऊन धुऱ्याच्या वाटेला लागले. पाळीवरून अध्यक्षांनी हाक मारली, "ओ बाबू! तिकडून काहून जाऊन राहिला? इकडं ये न!" बाबा थांबले. मागे वळून त्यांनी पाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उगाच पिशवीचा बंद नीट करत राहिले. ते पाळीवर गेले. जांभळाखाली बसलेल्यांनी सरकून जागा केली.  अध्यक्षांनी विचारलं, "किती पाण्यात लावाव लागते ते?" माझी बस चुकली. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे सरांनी बाबांना शुक्रवारच्या बैठकीला बोलावलं. बाबा धुतलेला सदरा घालून सायकल स्टँडच्या ओट्यावर बसले. पोरांनी गवताबद्दल विचारलं, अंड्यांबद्दल विचारलं, बाबांनी येतं तेवढं सांगितलं. मग एका मुलीने विचारलं, देवधानाच्या भाताला पाणी किती लागतं? बाबा म्हणाले, "हे मले नाही येत. घरी इचारून सांगतो." सरांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी आई आली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही तलावात उतरलो. गावातल्या बाया, पाळीवरचे पुरुष आणि कॉलेजची पोरं. पोरांनी बेशरम मुळासकट उपटायची, बायांनी रोपं लावायची आणि बाबांनी सगळ्यांवर ओरडायचं. या वेळी काय काढायचं आणि काय ठेवायचं हे आधी पाळीवर बसून ठरलं होतं, आणि ते ठरवायला बाया पहिल्यांदाच पाळीवर बसल्या होत्या. त्यावर पुरुषांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण झाडांची नावं बायांनाच विचारावी लागत होती, त्यामुळे फार वेळ वाकडं ठेवता आलं नाही.

मी बाबांच्या शेजारी चिखलात होते. ते खड्डा करायचे, मी रोप धरायचे. लिहिणारा थोड्या अंतरावर बेशरमीशी झटत होता आणि गाणं म्हणत होता. माझ्या मनात कधीपासून अडकलेलं होतं ते तिथे बाहेर पडलं.

"बाबा, कॉलेजात ती तलावाची गोष्ट पहिल्यांदा निघाली ना, तेव्हा सगळे हसले. मीही हसले होते."

बाबा चिखल दाबत राहिले.  मग ते म्हणाले, "हासण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या गावचं अस्तं तं मी बी हासलो अस्तो."

आणि मग, "रोप सरळ धर."